पेन्सिलभर उंच

आधीच्या मालकानं पुढच्या स्प्रिंगा कापलेल्या,
दीड वेढा, ग्राइंडरनं,
गाडी जमिनीला टेकलेली शोभते म्हणून.
शोभली असेल त्याच्या गुळगुळीत रस्त्यावर.
माझ्या वाट्याला साकेगावजवळचा गतिरोधक,
बहुधा उधळलेला बैल अडवायला बांधलेला,
आणि दर खेपेला पोटाखालून
परातीत उलथनं ओढल्याचा आवाज.

हुसेन पिंजारी ट्रकांचे पाटे बसवतो, भुसावळात, जामनेर रोडला.
दोन सीटांची ही पिवळी बुटकी गाडी
त्यानं उकिडवं बसून पाहिली, बराच वेळ,
जशी गाभण म्हैस पाहतात.
मी म्हटलं, लांब स्प्रिंगा टाका, उचलली जाईल.
तो म्हणाला, "ताई, उंची लांबीत नसते.
दाबल्यावर उरते ती उंची."

सावद्याहून केळीचे चार काटे मागवले.
चार चाकं चार काट्यांवर.
मे महिना, पत्र्याखाली चव्वेचाळीस,
मला म्हणाला आत बसा, हलू नका.
मी स्टिअरिंग धरून बसले,
फोटोवाल्यापुढं बसावं तशी, श्वास धरून,
आणि भिकन चारही आकडे मोठ्यानं ओरडला.
माझं वजन त्यात मिसळलेलं होतं. बरं झालं.

मग डब्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब:
पुढच्या चाकावर दोनशे वीस किलो,
दांड्याची तरफ धरली तर स्प्रिंगवर दीडपट,
तीनशे तीस.
सहा किलोला एक मिलिमीटर दबणारी तार घेतली
तर पंचावन्न मिलिमीटर खाली बसेल, तिथंच थांबेल.
कापलेली स्प्रिंग आखूड, वर जास्त कडक,
कापलं की नरम होतं असं मला वाटायचं.

पोत्यावर तीन जोड मांडले.
काळा: ट्रकाच्या घरातला, दगड.
लाल: दिसायला देखणा,
हातानं दाबला तरी मान डोलावणारा.
तिसऱ्याला रंगच नव्हता, नुसतं तेल,
जळगावच्या एमआयडीसीत कोणी वळून दिलेला.
मी विचारलं, खाली रबराची चकती टाकून नाही का भागणार?
"भागी ना," तो म्हणाला, "पन उसनी शे ती उंची."

तेल लावलेला जोड उचलला त्यानं.
आणि उठता उठता,
पान्हा शोधत, माझ्याकडं न बघता:
"बाजूले कोन बसस?"

कोणी नाही, म्हटलं मी.
"रिकामं धरीसन कोनी गाडी बांधत नही."
भिकननं सरकी पेंडेचं पोतं आणून
डाव्या सीटवर ठेवलं. चाळीस किलो.
पट्टाही लावला त्याला, गंमत म्हणून.
मी हसले, मग हसू थोडं जास्त वेळ टिकलं
नि त्याचं काय करावं कळेना.
चाळीस किलो म्हणजे कोण?
शाळेतली मुलगी. फार आजारी माणूस. सुटीला आलेली भाची.
काट्याला नाव विचारत नाहीत.

संध्याकाळी टेप लावली.
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत
तीनशे पस्तीस होती, तीनशे सहासष्ट झाली.
दोन्हीकडं सारखी, पोतं असताना.
"दोनशे किलोमीटर चालवा, अजून जराशी बसेल.
मग या, नट आवळून देतो."
पैसे पाट्याच्या हिशेबानंच घेतले.

पोतं उतरवलं. पेंडेचा वास राहिला.
साकेगाव आलं, मी दात आवळले.
गाडी चढली, उतरली,
खालून काहीच आलं नाही,
फक्त मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला,
कारण मी पलीकडं जाऊन थांबलेच होते.

घरी आल्यावर पुन्हा मोजली, बॅटरीच्या उजेडात.
उजवीकडं बरोबर.
डावीकडं एक पेन्सिल आडवी सरकेल एवढी जास्त.
हुसेनला माहीत असणार.
मी पेन्सिल तिथंच धरून बसले थोडा वेळ,
मग कानामागं खोचली.